बारा वेशींचे नगर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते ख्रिस्ती नव्हते. आज समोर बसलेल्यांपैकीही बरेच जण नाहीत. अशा सभेत स्वर्गावर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "रोजच्या जगण्यातली सांस्कृतिक विविधता आणि ख्रिस्ती माणसाची स्वर्गाची आशा." पलीकडून जरा वेळाने आवाज आला, "सर, पहिला अर्धा भागच ठेवला तर?" मी नको म्हटले. विविधतेवरची भाषणे आपण सगळ्यांनी पंधरा ऑगस्टला पुरेशी ऐकली आहेत. दुसरा अर्धा भाग मनात धरला की पहिल्याकडे कसे पाहिले जाते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मुंबईच्या उपनगरातल्या एखाद्या जुन्या चर्चच्या दारातला सूचनाफलक कधी थांबून वाचा. रविवारच्या मिस्सांच्या, म्हणजे उपासनांच्या, वेळा लिहिलेल्या असतात. पहाटे सहाला मराठी. सातला इंग्रजी, साडेआठला इंग्रजी, दहाला पुन्हा इंग्रजी. साडेअकराला कोकणी. दुपारी चारला तमिळ. महिन्यातून एखाद्या रविवारी मल्याळम. वेदी तीच, त्याच पाटावर गुडघे टेकायचे. दर तासा-दीड तासाने माणसे तेवढी बदलतात. कोकणी गायकवृंदाची व्हायोलिने पेटीत गेली की तबला-ढोलक घेऊन तमिळ मुले येतात, बायकांच्या केसांतल्या मोगऱ्याचा वास बाकांवर रेंगाळतो. बाहेरच्या माणसाला हे पाहून भरून येईल. आले तर येऊ द्या, दृश्य खरेच सुंदर आहे.

पण फलक पुन्हा एकदा वाचा, या वेळी घड्याळाकडे बघत. सहाची वेळ कोणाची आणि साडेआठची कोणाची? ज्यांच्या गावठाणात हे चर्च उभे राहिले, ज्यांच्या पूर्वजांनी दगड वाहिले, त्या ईस्ट इंडियन लोकांची मूळ बोली मराठी. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, गोव्या-मंगळुराहून आलेल्यांपासून आपण वेगळे आहोत हे सरकारला कळावे म्हणून त्यांनी हे इंग्रजी नाव घेतले. आज त्यांची नातवंडे साडेआठच्या मिस्सेला असतात आणि सहाच्या अंधारात आठ-दहा म्हाताऱ्या आणि सातच्या पाळीला कामावर जाणारी माणसे उरतात. तमिळांना चारची वेळ मिळाली, कारण ते शेवटी आले आणि पॅरिश कौन्सिलवर त्यांचे कोणी नव्हते. यात कोणाचा दुष्टपणा नाही. वेळापत्रक असेच बनते. कोण आधी आला, कोण पैसेवाला, कोणाची भाषा साहेबाची, यावरून तासांची वाटणी होते, आणि मग तिलाच आपण 'बहुभाषिक धर्मग्राम' म्हणतो.

तेव्हा पहिला मुद्दा असा की विविधता ही सद्गुण म्हणून मिरवण्याची गोष्ट नाही. ती असतेच. बाजारात असते, लोकलच्या डब्यात असते, तुरुंगातही असते. तिच्यात उतरंड कोणती आहे हे विचारल्याशिवाय तिच्याबद्दल काहीच कळत नाही.

आता स्वर्गाकडे वळू. माझ्या लहानपणी आमच्या ओटीवरच्या भिंतीला एक कॅलेंडर होते. ढग, सोनेरी केसांचे देवदूत, हातात वीणेसारखे वाद्य, सगळे गोरे, सगळे एकाच वयाचे. आजी रोज संध्याकाळी त्या कॅलेंडरसमोर रोझरी म्हणायची. ती लाल चौकड्यांचे लुगडे नेसायची, कादोडी बोली बोलायची आणि तिचे केस आयुष्यात कधी सोनेरी नव्हते. त्या चित्रात ती कुठे बसणार हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मोठेपणी पडला. बहुतेक ख्रिस्ती माणसांच्या डोक्यात स्वर्ग म्हणजे ते कॅलेंडरच असते, आणि ख्रिस्ती नसलेल्यांना वाटते की आमच्या शास्त्रातही तेच लिहिले असेल.

शास्त्रात तसे नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, पात्म नावाच्या बेटावरच्या योहानाला एक गर्दी दिसते. मोजदाद होणार नाही एवढी. सगळ्यांचे कपडे पांढरे, हातात झावळ्या, आणि तरीही कोण कुठल्या वंशाचा, कुठल्या देशाचा, कुठल्या भाषेचा हे त्याला ओळखू येते. म्हणजे देवाच्या सिंहासनासमोर पोचल्यावरही माणसाच्या अंगावरचा गाव पुसला गेलेला नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशीही हेच झाले होते : यरुशलेमेत जमलेल्या पार्थी, मेदी, मिसरी, अरबी लोकांना अचानक हिब्रू समजू लागली असे प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक म्हणत नाही; प्रत्येकाला आपापल्या बोलीत ऐकू आले असे म्हणते.

हे प्रवचनांतून पुष्कळदा सांगितले जाते, म्हणून मी यावर रेंगाळत नाही. रेंगाळायचे आहे ते प्रकटीकरणाच्या अठराव्या आणि एकविसाव्या अध्यायांवर. तिथे दोन शहरे आहेत, आणि दोन्ही बहुसांस्कृतिक आहेत.

अठराव्या अध्यायातले शहर म्हणजे रोम. योहान त्याला बाबेल म्हणतो, कारण पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमचे नाव घेऊन असे काही लिहिणे म्हणजे मान गमावणे. हे शहर कोसळते तेव्हा व्यापारी किनाऱ्यावर उभे राहून रडतात, आणि योहान त्यांच्या मालाची यादी देतो. सोने, चांदी, मोती, तलम तागाचे कापड, जांभळे वस्त्र, रेशीम, सुगंधी लाकूड, हस्तिदंत, कांसे, लोखंड, संगमरवर, दालचिनी, धूप, द्राक्षारस, तेल, गहू, गुरे, मेंढरे, घोडे, रथ. जगातली प्रत्येक संस्कृती त्या गोदीत हजर आहे. त्यातला काही माल आमच्याच किनाऱ्यावरून गेलेला असणार. त्याच शतकात एका अज्ञात लेखकाने ग्रीकमध्ये लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत. सोपारा म्हणजे आजचा नालासोपारा, आमच्या वसईच्या शेजारचा. म्हणून विरार लोकलमध्ये उभा राहून मी ही यादी वाचतो तेव्हा ती मला परक्या देशाची वाटत नाही.

यादीच्या अगदी शेवटी, घोडे आणि रथ यांच्यानंतर, एक नोंद आहे : माणसांची शरीरे आणि जीव. गुलाम. मालाच्या यादीत तळाला माणूस. योहानाने त्यावर एक शब्दही टीका केलेली नाही. क्रमच पुरेसा बोलतो.

एकविसाव्या अध्यायात दुसरे शहर खाली उतरते. नवे यरुशलेम. त्याला चार दिशांना तीन-तीन अशा बारा वेशी आहेत आणि त्या दिवसा कधी बंद होत नाहीत. रात्र तर तिथे नाहीच. इथेही राष्ट्रे आपापले वैभव घेऊन येतात. पण इथे व्यापारी नाहीत. कोणी विकत घेत नाही. आणणारा स्वतः वेशीतून आत येतो, त्याचे आणलेले त्याच्याबरोबर येते आणि तो माणूस म्हणून येतो. रोमला दालचिनी हवी होती, दालचिनी सोलणारा नको होता. आपल्या महानगरांनाही इडली हवी असते, मोमो हवे असतात, आणि मोमो विकणाऱ्या ईशान्येच्या मुलीला खोली भाड्याने द्यायची वेळ आली की सोसायटीची सभा बसते.

माझे आजचे म्हणणे या दोन शहरांत आहे. ख्रिस्ती आशा विविधतेचे कौतुक करून थांबत नाही. आलेला माणूस यादीत कितव्या ओळीवर आहे, हे ती विचारते.

याला उदाहरण वसईतूनच देतो. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. त्या दोनशे वर्षांत आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. कोणी श्रद्धेने झाले, कोणी सोयीने, कोणी दडपणाखाली. आज आम्ही त्यांचे वंशज ते नीट वेगळे करून सांगू शकत नाही आणि झाकूनही ठेवू नये. त्याच वसईत १५५० च्या दशकात गोन्सालो गार्सिया जन्मला. वडील पोर्तुगीज आणि आई इथली, असे मानले जाते. तरुणपणी तो जेझुइट फादरांबरोबर जपानला गेला, जपानी अस्खलित शिकला, लोकांना धर्म शिकवू लागला. पण जेझुइटांनी त्याला आपल्या संघात घेतले नाही. मग त्याने व्यापार केला, पैसा मिळवला, मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. फादर नव्हे, ब्रदर. १५९३ मध्ये स्पॅनिश वकिलात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेली तेव्हा दुभाषा म्हणून त्यालाच बरोबर न्यावे लागले, कारण त्या मोठमोठ्या पाद्र्यांच्या ताफ्यात दरबारात नीट बोलू शकणारा तोच होता.

तीन-साडेतीन वर्षांनी हिदेयोशीची मर्जी फिरली. पकडलेल्या २६ जणांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत भर हिवाळ्यात चालवत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रूसांवर चढवले. त्यांत २० जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोत जन्मलेला, आणि एक वसईचा. सर्वांत धाकटा मुलगा बारा वर्षांचा. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्या सगळ्यांना एकाच दिवशी संतपद दिले. नागासाकीला १९६२ साली उभारलेले स्मारक आहे. त्यात २६ ब्राँझच्या आकृती एका ओळीत आहेत, सगळ्यांचे पाय जमिनीपासून सारख्याच अंतरावर. जेझुइट, फ्रान्सिस्कन, फादर, ब्रदर, स्वयंपाकी, दुभाषा या पायऱ्या खाली राहिल्या. वसईत गास गावी या संताच्या नावाचे चर्च आहे, त्याच्या नावाने कॉलेजही आहे. तिथल्या मुलांना मी विचारतो की संत गोन्सालो स्वर्गात कोणती भाषा बोलत असेल. एक मुलगा म्हणाला, "सर, तिथे तरी त्याला दुभाष्याचं काम देऊ नका."

नवे नगर आपण रंगवतो तेव्हा जुना इतिहासही समोर ठेवावा लागतो. १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापल्या गेलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने दहा हजारांहून अधिक ओव्यांत ख्रिस्तकथा मराठीत सांगितली. कुठे इंग्लंड आणि कुठे ओवी! आणि त्यानंतर सत्तर वर्षेही झाली नव्हती तेव्हा, १६८४ साली, गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. तोच समाज, तोच धर्म. एकाने लोकांची भाषा वेशीतून आत आणली, दुसऱ्याने ती वेशीबाहेर उतरवून ठेवायला सांगितली. हुकूम फसला, कोकणी अजून साडेअकराच्या मिस्सेला गायली जाते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव घेतल्याशिवाय मराठी माणसाला हा विषय पुरा करता येणार नाही. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या प्रार्थनामंदिरात तेव्हा विलायती चालींवर मराठी शब्द बसवलेली गीते म्हटली जात, आणि ती कशी वाटत असतील याची कल्पना 'उपासना संगीत' चाळणाऱ्याला आजही येते. टिळकांनी अभंग आणला, भजन आणले, कीर्तन आणले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो अशी त्यांची धारणा होती, आणि पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकावा असे त्यांना कधी वाटले नाही. पण टिळकांपेक्षा मला आज त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जास्त महत्त्वाच्या वाटतात. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी काय सोडले याचा हिशेब आहे. धर्मांतरामुळे झालेल्या ताटातुटीची वर्षे संपवून त्या टिळकांकडे परतल्या तरी सोवळे लगेच सुटले नाही. कोणाच्या हातचे पाणी, कोणाच्या हातचा भात, हे मनातून जायला वेळ लागला, आणि तो वेळ त्यांनी मिश्कीलपणे, स्वतःला न वाचवता लिहून ठेवला आहे. भाषा, ओव्या, म्हणी, खाण्यापिण्याच्या पद्धती, विनोद, सगळे बरोबर आले. विटाळ मात्र मागे राहिला. राष्ट्रांचे वैभव नव्या नगरात येते असे योहान म्हणतो आणि लगेच पुढच्या वाक्यात सांगतो की अशुद्ध असे काही तिथे शिरणार नाही. हे अशुद्ध म्हणजे काय, याचे उत्तर लक्ष्मीबाईंनी जगून दिले : माणसाला अशुद्ध मानणे हीच ती अशुद्धता.

आणि आम्ही? आम्ही लक्ष्मीबाईंचे पुस्तक पाठ्यक्रमात लावले आणि विटाळ जपून ठेवला. तमिळनाडूत तिरुचिरापल्ली येथील कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत आहे. तिच्याविरुद्ध आंदोलने झाली, वर्तमानपत्रांत छापून आले. पुनरुत्थानाच्या दिवशी थडग्यांतून उठायचे अशी ज्यांची श्रद्धा त्यांनी उठण्याआधीच जागा वाटून घेतल्या. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे त्यात उघड मान्य केले. मान्य केले हे चांगले झाले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत याविरुद्ध आम्ही मोर्चे काढतो, आणि ते योग्यच आहे. पण सरकारला जे विचारतो ते स्वतःच्या दफनभूमीत विचारायला आम्हाला इतकी वर्षे लागली.

महाराष्ट्रात भिंत नाही, म्हणून छाती फुगवू नका. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला चालत येणारी माणसे पाहा. पायांत साध्या चपला, डोक्यावर गाठोडे, टाळ-मृदंग, ओठांवर मरियेची भजने. ती वारीच आहे. आमच्या वसईतल्या किती जणांनी ती पाहिली? नगरचा ख्रिस्ती आणि वसईचा ख्रिस्ती दोघांचीही मातृभाषा मराठी. तो पाळकसाहेब म्हणतो किंवा फादर म्हणतो, तो भाकरी खातो आणि आम्ही तांदळाची रोटी खातो, एवढाच फरक दिसायला. न दिसणारा फरक दोघांनाही माहीत आहे आणि त्याबद्दल नाताळच्या स्नेहसंमेलनात कोणी बोलत नाही.

दफनभूमीवरून आठवले. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, संध्याकाळी मुंबईतल्या कोणत्याही कॅथलिक दफनभूमीत जा. जागा इतकी कमी की काही वर्षांनी थडगी उघडून हाडे भिंतीतल्या कोनाड्यात हलवावी लागतात. त्यामुळे शेजार तुमच्या हातात नाही. गोव्याच्या खानसाम्याशेजारी मंगळुरी हेडक्लार्क, त्यापलीकडे धारावीतली तमिळ आई, पायाशी सहाच्या मिस्सेवाली म्हातारी. त्या संध्याकाळी सगळ्या घरची माणसे एकाच वेळी येतात. मेणबत्त्या लावतात, झेंडूच्या माळा पसरतात, तमिळ कुटुंबे उदबत्त्या लावतात. शेजारच्या थडग्यावर कोणी आलेले नसेल तर दोन मेणबत्त्या तिथेही ठेवल्या जातात. ही रीत कोणी शिकवलेली नाही. फादर तीन-चार भाषांत प्रार्थना म्हणतात, आणि ज्याला जी समजत नाही ती वेळ तो मेण खरवडण्यात घालवतो. मुंबईच्या चर्चचे सर्वांत प्रामाणिक वेळापत्रक त्या संध्याकाळचे, असे माझे मत आहे.

आता तो प्रश्न, जो तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल आणि सौजन्यापोटी तुम्ही विचारणार नाही. हे सगळे ख्रिस्त्यांपुरतेच का? बाकीच्यांचे काय?

हा प्रश्न माझ्या आजीने विचारला होता. आमच्या शेजारी हिंदू वाडवळ कुटुंब राहायचे. त्या घरच्या काकूंनी आजीच्या दोन बाळंतपणांत आमच्या घरचे सगळे केले होते. गणपतीत त्यांच्याकडून मोदक यायचे, नाताळात आमच्याकडून करंज्या जायच्या, आणि दोन्हींत सारणाचे प्रमाण सारखेच असायचे. आजीच्या लहानपणी तिला शिकवले होते की चर्चबाहेर तारण नाही. काकू वारल्या तेव्हा आजीने फादरांना थेट विचारले, "ती तिथे असेल का?" दुसरी व्हॅटिकन परिषद होऊन गेली होती. फादरांनी सांगितले की परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे : ज्यांना स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला स्मरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकते. आजी म्हणाली, "हे ठरवायला रोमला एवढी माणसं जमवावी लागली? मला विचारायचं."

त्याच १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले होते, आंतरराष्ट्रीय युखरिस्ट परिषदेसाठी. वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. दुसऱ्या वर्षी ख्रिस्तेतर धर्मांविषयीचे परिषदेचे घोषणापत्र आले. त्या काळापर्यंत आजीने आयुष्यभर लॅटिन मिस्सा ऐकली होती, एक अक्षर न समजता. त्यानंतर मराठी आली. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्या वसईच्या माणसाने 'सुबोध बायबल' मराठी वाचकाच्या हाती दिले आणि २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आजी तेव्हा नव्हती.

एक अडचण मात्र राहते आणि मी ती तुमच्यापासून लपवत नाही. काकूंना आमच्या स्वर्गात यायचे होते का? त्या माळकरी होत्या. त्यांना पंढरपूर हवे होते आणि पुढचा जन्म मिळाला तर तो विठ्ठलाच्या पायाशी. त्यांना न विचारता आमच्या नगरात जागा राखून ठेवणे हीदेखील एक प्रकारची मालकीच. यावर धर्मशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. माझे साधे मत असे, की आमंत्रणपत्रिका आमच्या छापखान्यात छापल्या जात नाहीत. पूर्वेकडून, पश्चिमेकडून, उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून लोक येऊन देवाच्या राज्यात पंगतीला बसतील असे येशूने सांगितले तेव्हा ऐकणाऱ्यांना धक्का याचा बसला होता की आपण बाहेर राहू आणि परके आत असतील. पहिल्या पंगतीचा हक्क गृहीत धरणाऱ्यांसाठी ते वाक्य होते. आज ते गृहीत धरणारे आम्ही आहोत.

आता शेवटचे, आणि ते माझ्या स्वतःच्या समाजासाठी.

सदूकी पंथाच्या लोकांनी एकदा येशूला पेचात पकडायला विचारले : सात भावांशी एकामागून एक लग्न झालेली बाई पुनरुत्थानात कोणाची बायको होईल? त्याने सांगितले, तिथे लग्ने लावत नाहीत. म्हणजे सोयरीक कुठे जमली आणि कुठे मोडली याचा निकाल लागायचा तो इथेच. वसईत कुपारी, वाडवळ, कोळी यांच्यात ख्रिस्ती म्हणून सगळे एक आणि सोयरिकीला वेगळे, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चालवले. तरुण मुले ते मोडत आहेत, त्यांचे कौतुक आहे. पण आमच्या वधू-वर मंडळांच्या नोंदणी अर्जात धर्मग्रामाच्या खाली 'समाज / पोटजात' असा रकाना अजून आहे, आणि नगरकडच्या अर्जांतही तो वेगळ्या नावाने सापडतो. फादर, पाळकसाहेब आणि मंडळांचे पदाधिकारी आज सभागृहात आहेत म्हणून जाहीर विनंती करतो : पुढच्या वर्षीचे अर्ज छापायला टाकाल तेव्हा तो रकाना काढा. सगळ्या मंडळांनी एकाच वर्षी काढा, म्हणजे कोणाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही.